अश्वशक्तीची बखर आणि इंजिनाचे दफ्तर

#थ्रेड #इतिहास

टर्बोचार्ज्ड स्पोर्ट्‌स कारचा इतिहास आज ज्या रीतीने सांगितला जातो, ती रीत बखरीची आहे. नायक एक, शत्रू एक, पराक्रमाचा आकडा एक. कारखान्याने पाचशे अश्वशक्ती लपवून ठेवली होती, एका हुशार मेकॅनिकने एक नळी काढली आणि सिंह मोकळा झाला! ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे विचारण्याची गरज आता कुणास वाटत नाही. प्रस्तुत धाग्याचे प्रतिपादन असे, की ही कथा अर्धी खरी आणि म्हणून पुरती फसवी आहे. ती निरुपद्रवीही नाही. तिच्यावर विसंबून आजही कुणी तरी आपली पहिली बचत एका इंजिनात ओततो आणि महिन्याभरात फुटलेला पिस्टन हातात धरून बसतो.

मराठी इतिहासाच्या वाचकाला हा प्रकार नवा नाही. वि. का. राजवाड्यांनी बखरींवर भिस्त न ठेवता अस्सल कागद धुंडाळण्याचा आग्रह धरला. बखर विजय सांगते. दाणागोटा कुठून आला, बैल किती मेले, देणे कुणाचे थकले, हे हिशेबाचे कागद सांगतात. मोटारीच्या इतिहासातही दोन्ही प्रकारची साधने आहेत. डायनोवरचा आकडा, म्हणजे इंजिनाला भार देऊन मोजलेली त्याची कमाल शक्ती, ही बखर होय. सुट्या भागांच्या याद्या, होमोलोगेशनसाठी केलेले फेरफार, इंजेक्टरची मापे, टर्बाइनचा धातू, ब्रेकची तबकडी हे दफ्तर होय. बखर सर्वांनी वाचली आहे. दफ्तर फारच थोड्यांनी उघडले आहे.

दफ्तर उघडण्यापूर्वी थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे, कारण सारा वाद तिथेच सुटतो. टर्बोचार्जर वाया जाणाऱ्या एक्झॉस्टच्या जोरावर एक टर्बाइन फिरवतो आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर नेऊन दाखवून दिले, की विरळ हवेत गमावलेली शक्ती टर्बोने परत मिळते. इथवर बखर आणि दफ्तर यांचे एकमत आहे. मतभेद पुढे आहे. हवा दाबली की ती तापते.

हिशेब करून पाहावा. २७ अंश सेल्सियसची हवा वातावरणाच्या १.८ पट दाबापर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण १०५ अंशांवर बाहेर पडते. दाब १.८ पट झाला, पण गरम हवा विरळ असल्यामुळे तिची घनता जेमतेम १.४३ पट झाली. म्हणजे ‘८० टक्के जादा हवा’ ही समजूत इथेच कोसळली. हीच हवा इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत थंड केली, तर घनता सुमारे १.६७ पट होते. बूस्ट तोच, टर्बो तोच. फरक केवळ थंडाव्याचा. आता विदर्भातल्या मे महिन्याची ४२ अंशांची हवा घेऊन तोच हिशेब मांडला, तर कॉम्प्रेसरमधून ती १२४ अंशांच्या आसपास बाहेर येते. जर्मनीत किंवा जपानच्या हिवाळ्यात मोजलेला आकडा चंद्रपूरला तसाच्या तसा का येत नाही, याचे उत्तर या एका ओळीत आहे.

घनता हे केवळ अर्धे दुखणे. तापलेले मिश्रण सिलिंडरमध्ये ठिणगीच्या ज्वाळेची वाट पाहत नाही. ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा आघात होतो. यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बो इंजिनाचा खरा शत्रू तो आहे. बूस्ट वाढवणे म्हणजे त्या शत्रूच्या प्रदेशात शिरणे, आणि शिरण्यापूर्वी रसदेची सोय करावी लागते: जादा इंधन, अधिक ऑक्टेन, थंड हवा, वेळेवर मागे घेतलेली ठिणगी. बखरकार नेमकी हीच रसद गाळतो.

आता दफ्तरातला पहिला कागद. साल १९६२. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी एकाच वर्षी दोन टर्बो गाड्या बाजारात आणल्या. शेव्हरलेच्या कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडरने कॉम्प्रेशन ८ ला १ इतके खाली आणले आणि १५० अश्वशक्तीवर समाधान मानले. ओल्ड्‌समोबिलच्या जेटफायरने मात्र २१५ घनइंचांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या व्ही-८ इंजिनातून २१५ अश्वशक्ती काढली. प्रत्येक घनइंचाला एक अश्वशक्ती! जाहिरातीस याहून गोमटा आकडा मिळणे कठीण. पण तो मिळवण्यासाठी कॉम्प्रेशन १०.२५ ला १ असे चढे ठेवले गेले आणि नॉकिंग आवरण्यासाठी शुद्ध पाणी व मिथेनॉल यांचे सम मिश्रण एका बाटलीतून इंजिनात फवारले गेले. त्या द्रवाचे नाव ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. बाटली रिकामी झाली की एक झडप बूस्ट अडवी आणि गाडी मरगळे.

तांत्रिकदृष्ट्या ही योजना हुशारीची होती, हे कबूल केले पाहिजे. तिचा दोष अन्यत्र होता. तिचा सर्वांत कच्चा दुवा गाडीत नव्हता, तो गाडीच्या मालकाच्या स्मरणशक्तीत होता. लोक बाटली भरण्यास विसरले. दोन वर्षांत साधारण ९६०० गाड्या निघाल्या आणि उत्पादन थांबले. पुढे कंपनीने टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली, आणि अनेकांनी ती स्वीकारली. आधी आकडा ठरवला आणि मग त्याला टेकू शोधला, की योजनेचे काय होते, हे यातून दिसते. साठ वर्षांनंतरही बहुतेक हौशी मॉडिफिकेशनची सुरुवात याच वाक्याने होते: ‘चारशे काढायचे आहेत’. कशासाठी, कोणत्या पेट्रोलवर, किती वेळ, हे प्रश्न नंतर येतात. कधी येतच नाहीत.

दुसरा कागद मोठा आहे, आणि या धाग्याचा भर त्याच्यावर आहे. १९७१ अखेर नियम बदलले आणि पाच लिटरची पोर्शे ९१७ युरोपातील जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून बाद झाली. पोर्शेने उत्तर अमेरिकेतील कॅन-अ‍ॅम मालिकेकडे मोहरा वळवला. तिथे १९६७ पासून मॅक्लारेनच्या गाड्या प्रचंड शेव्हरले इंजिनांच्या बळावर राज्य करत होत्या. पोर्शेने सोळा सिलिंडरचे इंजिन बनवूनही पाहिले, पण अखेर हान्स मेत्सगर यांच्या बारा सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला दोन टर्बो जोडायचे ठरले. ते काम प्रामुख्याने व्हालेंटिन शेफर यांनी केले. अमेरिकेतून रॉजर पेन्स्के यांचा संघ आणि त्यांचा चालक मार्क डोनोह्यू या कामात सामील झाला. डोनोह्यू ब्राउन विद्यापीठाचा यंत्र अभियंता होता. बखरीत तो ‘हजार अश्वशक्तीचा सारथी’ म्हणून येतो. दफ्तरात त्याचे काम अगदी निराळे दिसते.

डायनोवर ते इंजिन उत्तम होते. कमाल शक्तीचा आकडा पाहून कोणीही खूश व्हावे असे. पण ट्रॅकवर गाडी चालवणे जवळपास अशक्य होते. थ्रॉटल दाबावा तर काहीच घडत नसे. मग क्षणभराने सगळी शक्ती एकदम मागच्या चाकांवर कोसळे. डोनोह्यूचे निदान असे, की अभियंते इंजिन मोजतात ते केवळ पूर्ण थ्रॉटलवर आणि वरच्या फेऱ्यांवर. चालक मात्र शर्यतीचा बराच काळ अर्ध्या थ्रॉटलवर, खालच्या फेऱ्यांवर, वळणातून बाहेर पडताना घालवतो. त्या प्रदेशाचा नकाशाच कुणी काढलेला नव्हता. बॉशचा यांत्रिक इंजेक्शन पंप तिथे चुकीचे इंधन देत होता. डोनोह्यूने आग्रह धरून अर्ध्या भारावरची मोजमापे घ्यायला लावली, पंपाची मात्रा बदलून घेतली, आणि टर्बो जागा होईपर्यंत इंजिनाला हवा मिळावी म्हणून मॅनिफोल्डला झडपा बसल्या. कमाल अश्वशक्तीत यामुळे काय भर पडली? जवळजवळ काहीच नाही. गाडी चालवण्याजोगी झाली, इतकेच.

हे ‘इतकेच’ १९७२ आणि १९७३ या दोन वर्षांचे निकाल समजावून सांगते. १९७२ च्या जुलैत रोड अटलांटा येथे सरावात अपघात होऊन डोनोह्यूचा गुडघा जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज फॉल्मरने अजिंक्यपद जिंकले. दुसऱ्याने घडवलेली गाडी तिसरा माणूस येऊन जिंकवतो, याचा अर्थ ती खरोखर घडलेली होती. मॅक्लारेन त्या वर्षाअखेर कॅन-अ‍ॅममधून निघून गेली. १९७३ साली ९१७/३० आली. इंजिन ५.४ लिटरचे, शर्यतीतली शक्ती ११०० अश्वशक्तीच्या घरात. आठपैकी सहा शर्यती डोनोह्यूने जिंकल्या. चाचणीत याच जातीच्या इंजिनाने १५०० च्या वर आकडा दाखवला होता, आणि बखरीला तेवढाच आठवतो. पण त्या आकड्याने एकही शर्यत जिंकलेली नाही. जिंकल्या त्या ११०० ने, आणि त्या ११०० साठी चाकांमधले अंतर वाढवावे लागले, बॉडीचे वायुगतिशास्त्र नव्याने मांडावे लागले आणि ४०० लिटरची इंधनटाकी वाहावी लागली. कॉकपिटमध्ये बूस्ट कमीजास्त करण्याची कळ होती, हे खरे. ती कळ दोन्ही दिशांना फिरत असे, हे मात्र सांगणारे थोडे.

याच गाडीचा शेवटचा मोठा प्रसंग आणखी बोलका आहे. ९ ऑगस्ट १९७५ रोजी अलाबामातील टॅलाडेगा येथे डोनोह्यूने ९१७/३० ताशी २२१.१२० मैल, म्हणजे सुमारे ३५५.८ किलोमीटर वेगाने चालवून बंदिस्त ट्रॅकवरचा विक्रम केला. रस्त्यासारख्या वळणांच्या ट्रॅकवर थ्रॉटल सतत सुटतो, इंजिनाला दम घ्यायला फुरसत मिळते. टॅलाडेगाच्या अंडाकृती ट्रॅकवर ती सोय नाही. पूर्ण थ्रॉटल, फेरीमागून फेरी. दोन वर्षे अजिंक्य ठरलेली हीच जात त्या भट्टीत तशीच्या तशी टिकणारी नव्हती. म्हणून विक्रमाच्या गाडीला जे जोडले गेले ते होते इंटरकूलर. कॅन-अ‍ॅमच्या शर्यतींत ते नव्हतेच! त्यानंतर दहाच दिवसांनी, ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सरावातील अपघातामुळे डोनोह्यूचे निधन झाले. त्या अपघाताचा या गाडीशी संबंध नव्हता. त्याच्या नावावर आज आकड्यांचे वैभव चढवले जाते. त्याने स्वतः जो वेळ खर्चला, तो बहुतांश अर्ध्या थ्रॉटलवर खर्चला.

ज्यांना शर्यतीचा दाखला रस्त्यावरच्या गाडीस लागू नाही असे वाटते, त्यांच्यासाठी पोर्शेचाच पुढचा कागद. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात ९११ टर्बो सादर झाली: तीन लिटर, २६० अश्वशक्ती. १९७८ साली तिचे ३.३ लिटरचे रूप आले: ३०० अश्वशक्ती. चाळीस वाढली. त्या चाळिसांसाठी कारखान्याने काय काय केले? इंजिन मोठे केले, इंटरकूलर बसवला, आणि ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले ब्रेक लावले. इंटरकूलरला जागा हवी म्हणून मागच्या पंखाचा आकार बदलला. तो पंख आज भिंतीवरच्या पोस्टरांत शौर्याचे चिन्ह म्हणून मिरवतो. त्याच्या पोटात थंडाव्याचा डबा आहे. स्वतः बनवलेल्या गाडीची चाळीस अश्वशक्ती वाढवताना जो कारखाना ब्रेकपासून विचार करतो, त्याच्या गाडीत चिप बदलून शंभर वाढवणारा तरुण ब्रेकपॅडही बदलत नाही, आणि यालाच ‘स्टेज १’ असे भारदस्त नाव आहे.

स्वीडनच्या साबचा उल्लेख ओझरता करावा लागतो, कारण ९९ टर्बो ही कुटुंबाची गाडी होती, स्पोर्ट्‌स कार नव्हे. पण लहान टर्बो, वेस्टगेट आणि माफक बूस्ट हा तिचा विचार, आणि पुढे नॉकिंगचा आवाज ‘ऐकून’ बूस्ट आपोआप उतरवणारी तिची एपीसी यंत्रणा, यांचा आजच्या प्रत्येक टर्बो गाडीवर ठसा आहे. अजिंक्यपदांच्या यादीत ती नसल्यामुळे बखरीतही नाही.

आता बखरपक्षाचा बालेकिल्ला: जपान. इथे त्यांची बाजू खरोखर भक्कम आहे आणि ती पूर्ण मांडली पाहिजे. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांत २८० अश्वशक्तीहून अधिक आकडा जाहीर न करण्याचा अलिखित संकेत होता. काही गाड्यांची प्रत्यक्ष शक्ती जाहीर आकड्याहून अधिक होती, हेही मान्य. १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर-३२, तर शर्यतीसाठीच जन्मली होती. तिच्या आरबी-२६ इंजिनाचे आकारमान २५६८ सीसी. ग्रुप ‘ए’च्या नियमांत टर्बोसाठी १.७ ने गुणले की ४३६६ होतात, म्हणजे ४५०० च्या वर्गात नेमके बसणारे. शर्यतीच्या रूपात या इंजिनाने ५०० हून अधिक अश्वशक्ती दिली आणि १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानी टूरिंग कार अजिंक्यपदाच्या २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. बूस्ट रोखणारा एक लहानसा अडथळा रबरी नळीत होता आणि तो काढता येत असे, हेही खरेच. मग ‘लपवलेली शक्ती’ म्हणण्यात गैर काय?

गैर हे, की लपवलेली वस्तू शक्ती नव्हती. ती शिलकी ताकद होती. आणि शिलकीचा उपयोग संकटासाठी असतो. याचा पुरावा निसानने स्वतःच ठेवला आहे. ग्रुप ‘ए’मध्ये शर्यतीसाठी सुधारित भाग वापरायचे, तर त्या भागांसह ५०० गाड्या प्रत्यक्ष विकाव्या लागत. त्यामुळे १९९० ची जीटी-आर निस्मो ही गाडी म्हणजे निसानच्या अभियंत्यांनी सहीनिशी लिहून दिलेली कबुली आहे: मूळ गाडीत काय पुरेसे नव्हते याची. ती उघडून पाहावी. मूळ टर्बोची टर्बाइन सिरॅमिकची होती. हलकी, म्हणून चटकन फिरणारी, पण ठिसूळ. चढ्या बूस्टवर आणि चढ्या तापमानावर ती तुटते. निस्मोमध्ये धातूची टर्बाइन आली. पुढच्या बंपरला इंटरकूलरकडे अधिक हवा नेणारी जादा छिद्रे पडली. याचा अर्थ असा, की ज्या कारखान्याला हे इंजिन सर्वाधिक ठाऊक होते, त्याने बूस्ट वाढवण्यापूर्वी टर्बाइन बदलली आणि थंडावा वाढवला. नळीतला तो अडथळा काढून टाकणारे मात्र सिरॅमिकची टर्बाइन तशीच ठेवतात.

तेलाचेही तेच. सुरुवातीच्या आरबी-२६ मध्ये क्रँकशाफ्टचा जो भाग तेलाच्या पंपाला फिरवतो, तो अरुंद होता. साध्या वापरात त्याचे काही बिघडत नसे. वरच्या फेऱ्यांवर इंजिन वारंवार ताणले की पंप फुटे, आणि तेलाविना इंजिनाला मरायला फारसा वेळ लागत नाही. नंतरच्या इंजिनांत निसानने तो भाग रुंद केला. जाणते कारागीर आरबी-२६ घडवताना टर्बोच्या आधी तेलाचा पंप पाहतात. कथाकार मात्र टर्बोपाशीच थांबतात.

टोयोटा सुप्राच्या १९९३ च्या पिढीविषयी याहून मोठी दंतकथा आहे. लोखंडी ब्लॉकचे २जेझेड इंजिन खरोखर दणकट होते; त्याबद्दल वाद नाही. पण एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. जपानमध्ये २८० अश्वशक्ती. निर्यातीच्या गाडीत ३२० च्या आसपास. हा फरक केवळ कागदी संकेताचा असता, तर सुटे भाग सारखेच असायला हवे होते. ते सारखे नाहीत. जपानी गाडीत सिरॅमिकची टर्बाइन आणि ४४० सीसीचे इंजेक्टर. निर्यातीच्या गाडीत पोलादी टर्बाइन आणि ५५० सीसीचे इंजेक्टर. चाळीस अश्वशक्तीसाठी टोयोटाने इंधनाची क्षमता एक चतुर्थांशाने वाढवली. ‘सगळे आधीच आत होते’ म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांचे काय करायचे ते ठरवावे.

मग ही बखर रचली कुणी? दोष एकट्या कुणाचा नाही, पण १९९७ च्या डिसेंबरात प्लेस्टेशनवर आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो’चा वाटा मोठा आहे. त्या खेळात टर्बोचे टप्पे विकत मिळत; पैसे टाकले की आकडा चढे, आणि इंजिन कधी फुटत नसे. तेलाचा दाब पडत नसे, गॅस्केट उडत नसे, क्लच घसरून वास येत नसे. २००१ मध्ये ‘फास्ट अँड द फ्युरिअस’ने नारिंगी सुप्रा पडद्यावर आणली आणि ज्यांनी जपानी गाडी प्रत्यक्ष पाहिलीही नव्हती त्यांनाही तिचा आकडा पाठ झाला. मुंबई-पुण्याच्या मुलांची या गाड्यांशी पहिली ओळख बहुधा अशाच पडद्यांवर झाली. खेळ म्हणून हे सारे उत्तम. त्याला इतिहासाचे साधन मानणे ही वेगळी गोष्ट आहे.

दफ्तर वाचून योजना आखायची झाली, तर तिचा क्रम बखरीच्या उलटा निघतो. आधी गाडी आज कोणत्या अवस्थेत आहे हे मोजणे: प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, तेलाचा दाब, गळती. वीस-तीस वर्षांच्या इंजिनावर बूस्ट वाढवणे म्हणजे जुन्या धरणाची भिंत न तपासता पाणी चढवणे. मग थंडावा आणि ब्रेक, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न उष्णतेचाच आहे. मग इंधन: पंप, इंजेक्टर, आणि जवळच्या पंपावर रोज मिळणारे पेट्रोल, एकदाच मिळालेले नव्हे. मग ठिणगी आणि इंधनाचा नकाशा, तोही डोनोह्यूच्या रीतीने, अर्ध्या थ्रॉटलपासून वर. क्लच आणि टायर मध्येच कुठे तरी आपली पाळी मागतातच. एवढे झाल्यावर बूस्टची कळ हाती घ्यावी, आणि प्रत्येक वाढीनंतर नॉकिंग, एक्झॉस्टचे तापमान आणि मिश्रण यांची नोंद ठेवावी. यात खर्च अधिक आणि फुशारकी कमी. व्हिडिओ तर बनतच नाही, कारण रेडिएटर बदलतानाचे चित्रीकरण कोण पाहणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो: अनेकांनी मूळ इंजिनावर नुसता बूस्ट वाढवला आणि गाड्या वर्षानुवर्षे चालल्या. चालल्या असतील. पण इथे उरलेल्यांचीच साक्ष नोंदली जाते. ज्याची गाडी टिकली तो डायनोचा कागद लावतो. ज्याची फुटली तो ती भंगारात विकून गप्प बसतो. युद्धाचा वृत्तान्त केवळ परतलेल्या स्वारांकडून ऐकावा, तसे हे आहे. शिवाय ‘चालली’ म्हणजे काय, हेही विचारले पाहिजे. महामार्गावर सात सेकंद पूर्ण थ्रॉटल आणि टॅलाडेगाच्या फेऱ्या यांत जे अंतर आहे, ते पोर्शेलाही इंटरकूलरविना ओलांडता आले नाही.

तेव्हा या धाग्याखाली वाद घालू इच्छिणाऱ्यांना एकच विनंती. ‘अमुक गाडी मूळ इंजिनावर सहाशे देते’ असे लिहिण्यापूर्वी आकड्यासोबत यादीही द्यावी: टर्बाइन कोणत्या पदार्थाची, इंजेक्टर किती सीसीचे, पेट्रोल कोणते, हवा किती अंशांची, तेलाचा पंप मूळचा की बदललेला, ब्रेक कोणते, आणि तो आकडा किती सेकंद टिकला. यादी आली, तर तिच्यावर पुढचा धागा लिहिता येईल. निस्मोच्या पाचशे गाड्यांची यादी वर आलीच आहे. सुरुवात तिच्यापासून करण्यास हरकत नाही.